फाडफाड इंग्रजी येतं, तरी अडतं कुठं?

दादर स्टेशनचा पूल उतरलं की क्लासच्या पाट्या सुरू होतात. फाडफाड इंग्रजी, आयईएलटीएसला (ही इंग्रजीची परीक्षा, बँड म्हणजे तिचे गुण) हमखास सात बँड, जर्मन ए-वन ते बी-टू पातळ्या, शिवाय अ‍ॅक्सेंट ट्रेनिंग. परदेशात नोकरी करायची तर यातलं बरंच काही लागतंच. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी हवी असेल आणि त्यासाठी आयईएलटीएस द्यायची असेल, तर वाचन, ऐकणं आणि बोलणं या तिन्हींत किमान ७ आणि लेखनात ६.५ मिळवावे लागतात. भाषा कच्ची असलेला माणूस तिथवर पोचतच नाही. तरीही ठाण्या-डोंबिवलीहून लीड्सला किंवा टोरांटोला गेलेल्यांच्या पहिल्याच अप्रेझलमध्ये एक ठरलेला शेरा भेटतो: काम उत्तम, कम्युनिकेशन सुधारा.

शेरा मिळालेला माणूस मग व्याकरणाचं पुस्तक उघडतो, नाहीतर यूट्यूब लावून गोऱ्यांसारखे उच्चार गिरवायला बसतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कारण एवढी परीक्षा पास झालेल्या माणसाचं बहुतेक वेळा शब्दांपाशी अडत नाही. अडतं ते सुरात, बोलण्याआधीच्या थांबण्यात, आणि कुठली गोष्ट किती उघड बोलायची यात. शिवाय निम्मं अडणं असतं ऐकणाऱ्याच्या कानात, आणि त्याला मात्र कोणी क्लास लावायला सांगत नाही.

हीथ्रोच्या कँटीनमधली ग्रेव्ही

या विषयातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९७०च्या दशकातलं आहे. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या कँटीनमध्ये भारत-पाकिस्तानातून आलेल्या काही बायका नव्याने कामाला लागल्या. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या की या बायका उर्मट आहेत, सहकार्य करत नाहीत. गंमत अशी की त्या मुळात फार बोलतच नव्हत्या. मग एवढा राग कशाचा?

हे शोधायला जॉन गम्पर्झ नावाचे भाषाशास्त्रज्ञ गेले. मराठी वाचकाला त्यांची थोडी वेगळी ओळख सांगायला हवी: सांगलीजवळच्या कुपवाड गावात मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदून एकमेकींच्या व्याकरणात कशा मिसळल्या, हा प्रसिद्ध अभ्यास त्यांचाच (सहलेखक रॉबर्ट विल्सन, १९७१). तेव्हा आपल्या बोलण्याची त्यांना चांगली ओळख होती. त्यांनी कँटीनमधलं बोलणं टेप केलं. मांसाचा पदार्थ घेणाऱ्याला वर ग्रेव्ही हवी का, एवढंच विचारायचं असायचं. इंग्रज बाई तो एकच शब्द म्हणताना आवाज शेवटी वर न्यायची. आपल्या बायका तोच शब्द आवाज खाली आणून म्हणायच्या. इंग्रज कानाला पहिलं ऐकू यायचं 'ग्रेव्ही वाढू का?' आणि दुसरं 'ही ग्रेव्ही. घ्यायची तर घ्या.'

टेप सगळ्यांना एकत्र ऐकवली तेव्हा इंग्रज कर्मचाऱ्यांना फरक लगेच कळला. बायकांना आधी कळेचना. दोघी एकच तर बोलतायत, असं त्यांचं म्हणणं. आवाज खाली आणून विचारणं हीच त्यांच्या बोलीतली साधी रीत होती. समजावल्यावर मात्र त्यांना आठवलं की इतके दिवस लोक आपल्याकडे विचित्र नजरेने का बघत होते. तोवर त्या नजरेचा अर्थ त्यांनी वंशभेद असा लावला होता. तिथे वंशभेद नव्हताच असं कोणी म्हणणार नाही. पण रोजच्या खटक्यांपैकी काहींचं मूळ एका सुरात होतं, आणि ते दोन्ही बाजूंपैकी कोणालाच दिसत नव्हतं.

इथे थोडं थांबून एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. व्याकरण चुकलं की ऐकणारा म्हणतो, 'परदेशी आहे बिचारी.' चूक भाषेच्या खात्यावर जमा होते. सूर चुकला की तो म्हणतो, 'उर्मट आहे.' म्हणजे चूक स्वभावाच्या खात्यावर. इंग्रजी जितकं सफाईदार, तितका हा धोका वाढतो. मोडकंतोडकं बोलणाऱ्याला लोक सांभाळून घेतात. अस्खलित बोलणाऱ्याचा सूर चुकला, तर तो मुद्दामच तसं बोलला असं धरून चालतात.

आपला 'च' आणि त्यांचा जोर

कुठल्या शब्दावर भर आहे हे सांगायला मराठीत 'च', 'ही', 'तर', 'सुद्धा' अशी मंडळी हाताशी असतात. अहवाल मीच दिला. मी अहवालच दिला. दिला तर मी अहवाल! शब्दही हवे तसे मागेपुढे होतात. इंग्रजीत शब्द आपल्या जागा सहसा सोडत नाहीत. वाक्य तेच राहतं आणि आवाजाचा जोर एका शब्दावरून दुसऱ्यावर सरकतो, तसा अर्थ बदलतो. आपण इंग्रजी बोलताना शब्द बरोबर लावतो, पण जोर सगळ्या अक्षरांवर जवळपास सारखा वाटून टाकतो, तोही चर्चगेटची फास्ट सुटायला आल्यासारख्या वेगात. ऐकणाऱ्याला सगळे शब्द ऐकू येतात, त्यातला महत्त्वाचा कुठला हे कळत नाही. मीटिंगनंतर तो म्हणतो, 'पॉइंट नाही कळला,' आणि आपण चक्रावतो, कारण पॉइंट तर आपण तीनदा सांगितलेला असतो.

उच्चारांपैकी एकच गोष्ट मी खरोखर दुरुस्त करायला सांगेन. शब्दाच्या सुरुवातीला येणाऱ्या प, ट, क यांच्यामागे इंग्रज माणूस हवेचा झोत सोडतो. ते जवळपास आपले (ओठ मिटून म्हटलेला) फ, ठ, ख असतात. आपण कोरडा प लावतो आणि त्याच्या कानाला तो ब वाटू शकतो. नाव, पासपोर्टवरचं अक्षर किंवा औषधाचं नाव फोनवर सांगताना याने घोटाळा होतो. आपल्या भाषेत अल्पप्राण-महाप्राण दोन्ही घरचेच, त्यामुळे एकदा कळलं की जमायला वेळ लागत नाही.

बाकीच्या अ‍ॅक्सेंटचं काय? मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी कॅनडात केलेला १९९५चा अभ्यास अ‍ॅक्सेंट क्लासवाल्यांनी भिंतीवर लावावा असा आहे. मातृभाषा मंदारिन (चिनी) असलेल्या लोकांचं इंग्रजी त्यांनी इंग्रजी भाषकांना ऐकवलं, ऐकलेलं शब्दशः लिहून काढायला सांगितलं, आणि अ‍ॅक्सेंट किती जाड वाटला हेही वेगळं विचारलं. कित्येक वाक्यांना श्रोत्यांनी 'अ‍ॅक्सेंट फार जाड' असा शेरा दिला आणि तीच वाक्यं एकही शब्द न चुकता लिहून दाखवली. परकं वाटणं आणि न कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लास पहिलीवर पैसे घेतात, नोकरीत अडतं दुसरीवर.

दोनशे मिलिसेकंदांची फट

मुंबईत बडबड्या म्हणून प्रसिद्ध असलेला मुलगा परदेशी ऑफिसात 'फार शांत आहे' म्हणून ओळखला जातो. हे गौडबंगाल सोडवायला घड्याळ लागतं, तेही मिलिसेकंदांचं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या १० भाषांमधले प्रश्न आणि त्यांची उत्तरं मोजली होती, जपानी आणि डॅनिशपासून ते मेक्सिकोतल्या माया लोकांच्या त्सेल्तालपर्यंत. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. भाषेगणिक फरक होता, पण किरकोळ. आता दुसरा आकडा: साधं चित्र बघून त्याचं नाव तोंडातून बाहेर पडायला मातृभाषेतही सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण आपलं वाक्य जुळवायला घेतलेलं असतं. ऐकणं आणि जुळवणं एकाच वेळी.

परक्या भाषेत ही दोन्ही कामं थोडी थोडी संथ होतात. अर्ध्या सेकंदाचा उशीर पुरतो. तेवढ्यात शेजारचा बोलायला लागलेला असतो, आणि त्याचं संपेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. त्यात ऐरोलीहून किंवा पवईहून रात्री लागलेला कॉल असेल तर नेटवर्कचा उशीर वरून. गप्प बसलेल्या माणसाकडे बोलण्यासारखं नव्हतं असं नाही, त्याला फट सापडली नाही. यावर 'आत्मविश्वास वाढवा' हा सल्ला देणाऱ्यांचा मला कंटाळा आला आहे. अजेंडा आदल्या दिवशी मिळाला की वाक्यं आधीच तयार राहतात. मीटिंग चालवणाऱ्याने नाव घेऊन विचारलं की फट आपोआप मिळते. दोन्हीला एक पैसा लागत नाही.

'बघतो' म्हणजे काय

मुंबईच्या ऑफिसात साहेबांनी विचारलं, 'शुक्रवारपर्यंत होईल ना?' आणि आपण म्हणालो, 'बघतो सर, प्रयत्न करतो,' तर साहेब समजून जातात की शुक्रवार काही खरा नाही. तोंडावर नाही म्हटलं नाही, साहेबांचा मान राहिला, निरोपही पोचला. हेच वाक्य इंग्रजीत करून टोरांटोच्या मॅनेजरला सांगितलं की तो शुक्रवारची तारीख क्लायंटला कळवून मोकळा होतो. सोमवारी दोघंही एकमेकांना बेभरवशाचे ठरवतात.

यावरून 'ते सरळ बोलतात, आपण आडून बोलतो' असा निष्कर्ष काढायची पद्धत आहे, तो मला पटत नाही. इंग्रज माणूस आपल्याइतकाच आडून बोलतो, फक्त त्याची आडवळणं वेगळ्या ठिकाणी असतात. 'वेळ मिळाला तर हे एकदा बघून घ्याल का?' असं ब्रिटिश मॅनेजर म्हणतो तेव्हा तो बऱ्याचदा हुकूम असतो. आपल्याकडे हुकूम 'हे संध्याकाळपर्यंत हवंय' असाच येतो, त्यामुळे ती विनंती आपण खुशाल बाजूला ठेवतो. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या शिष्टाचाराच्या सिद्धांतात याचं सोपं सूत्र आहे. प्रत्येकाला दोन गोष्टी हव्या असतात: लोकांनी आपल्याला मानावं आणि कोणी आपल्यावर लादू नये. आडवळण घ्यायचं ते यातलं काहीतरी जपायला. समोरचा किती वरचा आहे, किती परका आहे आणि मागणं किती मोठं आहे, यावर ते किती लांब घ्यायचं हे ठरतं. आणि या तिन्हींचा हिशोब मुलखागणिक बदलतो.

हॉस्पिटलात हा हिशोब जिवावर बेतू शकतो. मुंबईतल्या वॉर्डात रात्री तीन वाजता सिस्टरने डॉक्टरांना फोन करून 'सर, बारा नंबर जरा बरे वाटत नाहीत' एवढं म्हटलं तरी अनुभवी डॉक्टर उठून येतात. तीन वाजता फोन आला यातच सगळं आलं. लीड्सच्या वॉर्डात तेच वाक्य जेवढं आहे तेवढंच ऐकलं जाऊ शकतं. म्हणून तिथे 'एसबार' नावाचा साचा शिकवतात: आत्ता काय झालंय, आधीची हकीकत काय, मला काय वाटतं, आणि तुम्ही काय करावं. ही पद्धत अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांवरून हॉस्पिटलांत आली. आपल्याकडून गेलेल्या नर्सला पहिले दोन भाग पाठ असतात, घसा अडतो तो चौथ्यापाशी. डॉक्टरांना 'तुम्ही ताबडतोब या' असं कसं सांगायचं? पण साचाच तो भाग मागतो म्हटल्यावर त्यात उद्धटपणा उरत नाही. मला हा उपाय आवडतो तो याचसाठी: स्वभाव बदलायला न सांगता तो बोलण्याला जागा करून देतो.

विमानवाहतुकीला हा धडा फार महागात मिळाला. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेलं आव्हियान्का ५२ हे विमान बराच वेळ आकाशात घिरट्या घालत ठेवलं गेलं. इंधन संपत आल्याचं सहवैमानिकाने नियंत्रण कक्षाला सांगितलं, पण 'इमर्जन्सी' हा ठरलेला शब्द उच्चारला नाही. नियंत्रकांनी त्याचं बोलणं नेहमीच्या कुरकुरीसारखं ऐकलं. विमान लाँग आयलंडवर कोसळलं, १५८ पैकी ७३ जण गेले. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने वैमानिक आणि नियंत्रकांसाठी इंग्रजीच्या पायऱ्या ठरवल्या. किमान चौथी पायरी हवी, ही अट २००८ पासून लागू आहे. त्यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग फारसा सांगितला जात नाही. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांनाही जबाबदारीतून सूट नाही: ठरलेली वाक्यंच वापरा, वेग आवरा, म्हणी आणि बोलीतले शब्द टाळा, ऐकलेलं परत म्हणून खात्री करा. आकाशात जे मान्य झालं ते ऑफिसांत अजून कोणी गंभीरपणे घेत नाही.

कानाचा वाटा

शिकागो विद्यापीठातल्या शिरी लेव्ह-आरी आणि बोआझ कायसार यांनी २०१० मध्ये एक साधा प्रयोग केला. 'जिराफ उंटापेक्षा जास्त दिवस पाण्यावाचून राहू शकतो' यासारखी सामान्यज्ञानाची वाक्यं वेगवेगळ्या लोकांकडून वदवून घेतली आणि ऐकणाऱ्यांना विचारलं, कितपत खरं वाटतं? ही वाक्यं बोलणाऱ्याची स्वतःची नाहीत, त्याला नुसती वाचायला दिली आहेत, हे ऐकणाऱ्यांना सांगितलेलं होतं. तरी परक्या अ‍ॅक्सेंटमधलं वाक्य कमी खरं वाटलं. कान आणि मेंदूला जे ऐकायला कष्ट पडतात, त्यांचं खापर नकळत विश्वासावर फुटतं.

डोनाल्ड रुबिन यांचा १९९२चा प्रयोग तर जास्तच बोचरा आहे. अमेरिकी विद्यार्थ्यांना एकाच अमेरिकी आवाजातलं व्याख्यान ऐकवलं. काहींना सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. आशियाई फोटो बघणाऱ्यांना नसलेला अ‍ॅक्सेंट ऐकू आला, आणि व्याख्यानातलं लक्षातही कमी राहिलं. अशा माणसापुढे तुम्ही कितीही घासूनपुसून उच्चार केले तरी काय उपयोग?

पण याच्या उलट बाजूचा पुरावाही तितकाच भक्कम आहे, आणि तो आशा वाढवणारा आहे. परक्या अ‍ॅक्सेंटची सवय कानाला फार लवकर होते. कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांनी २००४ मध्ये दाखवलं की जेमतेम एक मिनिट ऐकल्यावरच समजण्याचा वेग सुधारायला लागतो. तेव्हा नव्या टीमसमोर पहिल्याच वाक्यात कामाचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा टाकू नये. नाव, गाव, प्रवास कसा झाला, असं इकडचंतिकडचं मिनिटभर बोलावं आणि मग आकड्याकडे वळावं.

ते इकडचंतिकडचं बोलणंही कामाचाच भाग असतं. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट होम्स आणि त्यांचे सहकारी १९९६ पासून खऱ्या ऑफिसांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून अभ्यासत आले आहेत, आणि उच्चशिक्षित स्थलांतरितांसाठीच्या त्यांच्या अभ्यासक्रमात अशा गप्पांना मानाची जागा आहे. 'जेवलात का?', 'कुठली लोकल पकडता?' हे आपल्याला कोणी शिकवलं नव्हतं. तिथे हवामान, वीकेंड आणि कुत्रा ही त्याचीच भावंडं. पगार आणि 'अजून लग्न नाही?' हे मात्र मुंबईतच ठेवून जावं.

जर्मनीला निघालेल्यांसाठी थोडं वेगळं. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केल्यापासून काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनापलीकडेही जर्मन शिकणारे वाढले आहेत. क्लासमध्ये शिकतात ती प्रमाण जर्मन. त्या राज्याची मात्र १९९९ पासून कितीतरी वर्षं जाहिरात अशी होती: आम्हाला सगळं येतं, प्रमाण जर्मन सोडून. तिथल्या मोठ्या भागात स्वाबियन ढंगाची बोली चालते. पुण्यात पुस्तकी मराठी शिकून थेट मालवणच्या बाजारात उतरावं तसं होतं ते. बी-टू पास झालेल्या नर्सला पहिल्या आठवड्यात आजोबांचं बोलणं कळलं नाही तर तिच्या अभ्यासात खोट नाही, आणि 'कृपया प्रमाण जर्मनमध्ये सांगाल का?' हे वाक्य तिने बिनदिक्कत वापरावं.

आपण जेव्हा घरचे असतो

आतापर्यंत आपण पाहुण्याच्या बाजूने बोललो. मुंबईत मात्र यजमानही आपणच असतो. बीकेसीच्या बँकेत कोचीहून बदली होऊन आलेली अधिकारी असते, नरिमन पॉइंटच्या ऑफिसात कोलकात्याचा मुलगा असतो. मीटिंग इंग्रजीत सुरू होते, रंगली की हिंदीत जाते, आणि खरा निर्णय डबा खाताना मराठीत होतो. ती कोचीची बाई तेव्हा आपल्याच टेबलावर बसून मोबाइल चाळत असते. दुपारी आपण म्हणतो, 'त्या जरा मिसळत नाहीत.'

खरं तर या शहराने यावर एक उत्तर फार पूर्वीच काढून ठेवलं आहे. बंबैया हिंदीत लिंग-वचनाचा पत्ता नसतो, तरी त्यात भाडं ठरतं, उधारी फिटते, सोयरिकीही जमतात. कारण ती कोणाचीच आई नाही. सगळेच चुकतात, म्हणून सगळेच दोनदा विचारतात आणि हाताने दाखवतात. जगभरात इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा लोकांच्या आपापसातल्या इंग्रजीवर जेनिफर जेंकिन्स आणि इतरांनी केलेलं काम हेच सांगतं. ते एकमेकांना बऱ्यापैकी समजून घेतात, कारण पुन्हा सांगणं, सोपं करून सांगणं आणि खात्री करून घेणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. मातृभाषकाला या कष्टांची सवय नसते. तो म्हणी वापरतो, वेगात बोलतो आणि समोरच्याने मान हलवली की त्याला कळलं असं समजतो.

तेव्हा मीटिंग संपवताना त्या कोचीच्या मॅडमना 'समजलं ना?' असं विचारू नका. त्याचं उत्तर कुठल्याही भाषेत 'हो'च येतं. डब्यावर ठरलेलं दोन ओळींत ग्रुपवर टाका आणि विचारा, 'मॅडम, आता यातलं तुम्ही आधी काय हातात घेताय?' उत्तर चुकीचं आलं तर अजून दुपारच आहे, आणि ब्रँचला मेल गेलेला नाही.